नळापासून चौसष्ट पावलं

कमिटीवाल्यांनो, तुम्ही मेलेल्यांशीसुद्धा खोटं बोललात. जित्या माणसांशी बोललात ते एक वेळ समजू. जिता माणूस उलटून बोलतो, निदान पाठ वळल्यावर शिवी तरी हासडतो. पण ज्यांच्या तोंडात माती गेली त्यांच्या उरावर उभं राहून तुम्ही प्रार्थना म्हटलीत, आणि तेव्हा तुमच्या खिशात नकाशा वेगळाच होता. एका माणसाने हे सगळं पाहिलं. त्याचं खरं नाव तुमच्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. पंचवीस वर्षं तुम्ही त्याला कुदळ्या म्हणता आणि तो ओ देतो.

कुदळ्या म्हणजे चर्चच्या कबरस्तानात खड्डे खणणारा. कबरस्तानाला छातीइतकी उंच दगडी भिंत. भिंतीच्या आत नावं, तारखा, क्रूस, संगमरवर. भिंतीच्या बाहेर नाल्यापर्यंत पडीक जमीन, आणि त्या जमिनीत सव्वीस माणसं. बाप्तिस्मा न झालेली, तुरुंगात मेलेली, इस्पितळातून ज्यांना न्यायला कुणी फिरकलं नाही अशी, आपल्या हाताने जीव दिलेली. बाहेरच्यांना दगड नाही, क्रूस नाही, नाव नाही, असा कमिटीचा ठराव. कुदळ्याने सुरुवातीला खुणेपुरती एकेक वीट रोवली होती. तीही उपटायला लावली.

मग त्याने आपली रीत काढली. भिंतीला बाहेरच्या अंगाने एक नळ आहे, कुदळ-फावडं धुवायला. त्या नळाला पाठ लावायची, नाल्याकडे तोंड करायचं आणि पावलं मोजायची. सातव्या पावलावर एक. अकराव्यावर दोघं शेजारीशेजारी. एकोणिसाव्यावर तो दारुडा, जो मरायच्या आदल्या दिवशीपर्यंत सगळ्यांना हसवत होता. असं करत करत चौसष्टाव्या पावलाला, अगदी नाल्याच्या काठाला, शेवटची जागा. खरं तर ती पहिली. बाहेरची जमीन नाल्याकडून भिंतीकडे भरत आली होती.

त्या चौसष्टाव्या पावलावर त्याची आई होती.

आई बाजारामागच्या गल्लीत राहायची. तिथे राहणाऱ्या बाया काय करतात ते कमिटीला चांगलं ठाऊक होतं, काहींना जरा जास्तच. एका रविवारी ती चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसली. पुढच्या रविवारीही आली. मग तिने बाप्तिस्मा मागितला. कमिटी बसली, आणि ठरलं की बाईने एक वर्ष धंदा सोडून दाखवावा, मग बघू. तिने सोडला. इस्पितळाच्या चादरी धुवायला लागली. सोड्याने हात सोलून निघाले, तरी रविवारी ते हात पदराखाली झाकून ती शेवटच्या बाकावर हजर. दहाव्या महिन्यात तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. दोन महिने कमी पडले. कमिटी पुन्हा बसली आणि नियम म्हणजे नियम असं म्हणून उठली. त्या ठरावाखाली ज्याची सही होती तो माणूस तेव्हा सेक्रेटरी होता, आता चेअरमन आहे.

बाहेर खड्डा खणायला कुणी तयार होईना, तेव्हा तिच्या एकोणीस वर्षांच्या पोराने स्वतः खणला. कडा सरळ, कोपरे काटकोनात. कमिटीतल्या एकाने भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि म्हटलं, पोराचा हात चांगला आहे, ह्यालाच ठेवून घ्या. अशी लागली कुदळ्याला नोकरी.

तेव्हापासून तोही शेवटच्या बाकावर बसतो. बाप्तिस्मा घेतलेला नाही. पाळक बदलले की नवा पाळक विचारतो आणि कुदळ्या म्हणतो, बघू. त्याचं भांडण देवाशी नव्हतं. चोरांच्या मधोमध टांगलेल्या त्या माणसाकडे बघितलं की त्याला वाटायचं, हा आपल्याला ओळखतो. ज्याला लोकांनी वेशीबाहेर नेऊन मारलं, त्याच्याच नावाने ह्यांनी वेस बांधली, हे मात्र त्याच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

तर, नवे पाळक आले. तरुण, चष्मेवाले, बोलायला गोड. एका रविवारी त्यांनी हरवलेल्या मेंढरावर उपदेश केला आणि शेवटी जाहीर केलं की कबरस्तानाची भिंत पुढे सरकणार. जे बाहेर आहेत ते आत येणार, आणि सुरुवात लगेच. बायकांनी डोळे पुसले. पुरुष घसा साफ करू लागले. पहिल्या बाकावर चेअरमन मान खाली घालून बसले होते.

कुदळ्याचे डोळे कोरडे राहिले. ज्या घरातून कधी चिमूटभर मीठ उसनं मिळालं नाही, त्या घरातून अचानक झाकलेलं ताट आलं, तर माणूस आधी झाकण उचलून वास घेतो. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला की ह्यात काहीतरी काळंबेरं आहे. बायको भांडी विसळत होती. ती म्हणाली, तुम्हाला उजेड दाखवला तरी तुम्ही आधी वात कुणाची ते विचारणार.

वात कुणाची ते आठवड्याभरात कळलं. गवंडी दोरी आणि खुंट्या घेऊन आला. दोघं नळापाशी चहा पीत बसले असताना कुदळ्याने विचारलं, भिंत नाल्यापर्यंत नेणार ना? गवंड्याने बशीतला चहा फुंकला.

"भिंत कुठली नेतोस? भिंतीला पोट काढायचंय. एक माणूस मावेल एवढं."

"एकच?"

"एकच. कुठला, ते तूच दाखवणार आहेस म्हणे."

तेव्हा कुदळ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सातवं पाऊल. चेअरमनचा मुलगा.

सहा वर्षांपूर्वी चेअरमनच्या वीस वर्षांच्या मुलाने जीव दिला होता. का, ते कुणी विचारलं नाही आणि घरच्यांनी सांगितलं नाही. नियम चेअरमननेच इतकी वर्षं चालवलेला. स्वतःच्या पोरासाठी मोडला असता तर लोक बोलले असते, म्हणून त्यांनी पोर बाहेर दिलं. स्वतः आले नाहीत, तब्येतीचं कारण सांगितलं. फक्त आदल्या संध्याकाळी कुदळ्याला फाटकापाशी गाठून एवढंच म्हणाले होते, "लांब कुठेतरी बघ." पण लांबची जमीन भरलेली होती. उरली होती ती भिंतीजवळची एकच जागा.

तेव्हापासून चेअरमनची बायको दर रविवारी नवऱ्याच्या शेजारी बसते, पण प्रभुभोजनाचं ताट समोर आलं की हात न लावता पुढे सरकवते. सहा वर्षं. सगळी मंडळी बघते. चेअरमनने हे किती दिवस सोसावं? म्हणून भिंतीला पोट. आणि त्या पोटावर पांघरायला हरवलेलं मेंढरू.

दोन दिवसांनी कुदळ्याला ऑफिसात बोलावलं. पाळक खुर्चीवर होते, चेअरमन खिडकीतून बाहेर बघत उभे. पाळकांनी गोड शब्दांत विचारलं की साहेबांचा मुलगा नेमका कुठे आहे, तेवढी जागा दाखवशील का? कुदळ्याने विचारलं, बाकीचे पंचवीस? पाळक म्हणाले, टप्प्याटप्प्याने. पुढचा टप्पा कधी, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. जमीन खचली आहे, पावलं नीट मोजायला हवीत, उद्या सांगतो, असं म्हणून कुदळ्या बाहेर पडला.

घरी तो वाघासारखा येरझाऱ्या घालत राहिला. आपली आई अजून पंचवीस वर्षं बाहेर राहील. आपण मेलो की पावलं मोजणाराही उरणार नाही. तिच्यावर कुणी कचरा टाकील, कुणी गोठा बांधील. काम सोडतो, कमिटीच्या तोंडावर थुंकतो, काय काय बोलला. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी कंटाळून म्हणाली, "अहो, खुंटी तुमच्या हातात आहे आणि तुम्ही डोकं माझं खाताय."

कुदळ्या थांबला. खाली बसला. त्याने पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नळाला पाठ लावून चालत निघाला. मागून गवंडी, त्यामागे पाळक, सगळ्यात मागे चेअरमन. सातवं पाऊल आलं, पण तो थांबला नाही. चौसष्टाव्या पावलावर त्याने खुंटी ठोकली.

चेअरमनच्या कपाळावर आठी पडली. "इतक्या लांब?"

"तुम्हीच म्हणाला होता, साहेब. लांब कुठेतरी बघ."

शब्द चेअरमनचेच होते, गिळायलाही त्यांनाच लागले. गवंड्याने दोरी धरून पाहिली आणि हात झटकले. एवढी लांब सोंड काढली तर पहिल्या वाऱ्याला आडवी होईल, असं त्याचं म्हणणं. त्यापेक्षा सगळी भिंतच पुढे घ्या. कमिटी दोन वेळा बसली. आता कबूल करून बसले होते, जाहीर करून बसले होते, मागे फिरायला तोंड नव्हतं. भिंत हलली, नळ तेवढा जुन्या जागी उभा राहिला. दोन महिन्यांत सव्वीसच्या सव्वीस आत आले.

पण कमिटी ती कमिटी. आत आलेल्यांना दगड, क्रूस, नाव देऊ नये, असा नवा ठराव झाला. अपवाद एकच. चौसष्टाव्या पावलावर पांढरा दगड बसला, त्यावर चेअरमनच्या मुलाचं नाव, आणि भोवती नक्षीचा लोखंडी कठडा, आजूबाजूच्यांशी सरमिसळ होऊ नये म्हणून. कुदळ्याने घरी सांगितलं तेव्हा बायको पोट धरून हसली. सासूबाईंना कठडा, म्हणाली. गल्लीतून निघाल्या आणि संगमरवराखाली जाऊन निजल्या, आता आपण भेटायला गेलो तर आतून विचारतील, कोण तुम्ही? कुदळ्याही हसला. कित्येक वर्षांत असं हसला नव्हता.

हे हसू पुरलं फक्त पहिल्या गुरुवारपर्यंत.

त्या गुरुवारी सकाळी चेअरमनची बायको एकटी आली. नळापाशी चपला काढल्या. पिशवी मात्र तिथे ठेवली नाही, काही पावलं पुढे जाऊन जमिनीवर ठेवली, हलक्या हाताने, झोपलेल्या मुलाच्या उशाशी ठेवावी तशी. मग अनवाणी चालत कठड्यापर्यंत गेली, जमिनीवर बसली आणि दगडाशी हळू आवाजात बोलू लागली. कुदळ्या फावड्याचा दांडा घासायचं नाटक करत लांबून बघत होता. तिचे खांदे हलताना दिसले तेव्हा त्याने तोंड फिरवलं. आई आपली, रडू दुसऱ्याच्या आईचं. पंचवीस वर्षांत आपल्या आईसाठी कुणी बाहेरचं रडलं नव्हतं. आता रडत होतं, तर तेही फसवणुकीने मिळवलेलं.

पुढच्या गुरुवारी तसंच. चपला नळापाशी, पिशवी पुढे. कुदळ्याच्या मनात पाल चुकचुकली. ती पाठमोरी असताना त्याने मोजलं. पिशवी बरोब्बर सातव्या पावलावर होती.

हिला काय ठाऊक आहे? नवऱ्याने वास काढायला धाडली आहे का? की पिशवी आपली सहज ठेवते आणि आपल्याला चोराच्या मनात चांदणं? तिसऱ्या गुरुवारी तिने जाताना त्याला हाक मारली.

"काय रे, नळापासून ही जागा किती पावलं?"

"चौसष्ट, बाई."

"असं. आणि तुझी आई कुठे आहे?"

"इथेच... कुठेतरी."

तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "सगळ्यांची पावलं पाठ, आणि आईची तेवढी विसरलास?"

एवढं बोलून ती चपला घालून निघून गेली. कुदळ्याने बायकोला सांगितलं की भांडं फुटलं, आता नोकरी गेली, चर्चची खोली गेली, भिंतही जाणार. बायको या वेळी हसली नाही. ती म्हणाली, भिंतीचं राहू दे, त्या माउलीला कुठल्या दगडापाशी रडवताय ते बघा. कुदळ्याने तिला झिडकारलं. सहा वर्षं ज्या बाईच्या नवऱ्याने पोर बाहेर टाकलं, तिच्यासाठी आपण का जळावं? पण जळत होता. आईला आत आणायला त्याने दुसऱ्या आईला चकवलं होतं. कमिटीने दोन महिने कापले, आणि त्याने सत्तावन्न पावलं चोरली. फरक काय?

रविवारी नव्या भिंतीचा अर्पणविधी होता. उपासना सकाळी कबरस्तानातच ठेवली होती. कुदळ्या पोहोचला तेव्हा खुर्च्या मांडून झाल्या होत्या. पुढची रांग नळाच्या बाजूला. चेअरमनची गादीची खुर्ची सातव्या पावलावर होती, आणि चेअरमन तिच्यावर बसले होते, पायावर पाय टाकून.

पाळकांनी प्रार्थना केली. प्रभूच्या घरात कुणी परकं नाही, भिंती माणसांच्या असतात, असं बरंच काही. मग भाकर आणि द्राक्षारस फिरू लागला. चेअरमनच्या बायकोने ताट हातात घेतलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. चेअरमनने पायावरचा पाय खाली घेतला. आज तरी घेईल, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. ती ताटाकडे बघत राहिली. घेईना, पुढेही सरकवेना.

शेवटच्या रांगेतून कुदळ्या उठला. कुणी बोलावलं नव्हतं. तो खुर्च्यांमधून चालत पुढे आला आणि चेअरमनसमोर उभा राहिला.

"साहेब, उठा. तुमची खुर्ची तुमच्या मुलावर आहे."

कुणाला काही समजेना. पाळक म्हणाले, अरे, नंतर बोलू. कुदळ्या थांबला नाही. खुंटी मी खोटी ठोकली, म्हणाला. मुलगा इथे आहे, नळापासून सातव्या पावलावर. तिकडे कठड्यात माझी आई आहे, जिला तुम्ही दोन महिने कमी पडले म्हणून बाहेर ठेवलीत. खोटं बोललो ते सगळ्यांना आत आणायला. पण ह्या बाईंना चुकीच्या दगडापाशी रडवलं, ते माझं पाप, ते मी कबूल करतो.

पुढच्या रांगेने चेअरमनच्या खुर्चीखाली बघितलं. मग आताचा सेक्रेटरी शेजाऱ्याकडे वळून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "म्हणजे भिंतीचं सात पावलांतच भागलं असतं."

हे तुमचं पहिलं वाक्य होतं, कमिटीवाल्यांनो. लक्षात ठेवा.

चेअरमनच्या बायकोने ताट मांडीवर ठेवलं. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "त्याला पुरला तेव्हा मी ह्या भिंतीच्या आतल्या अंगाला उभी होते. ह्यांना न सांगता आले होते. तू नळापासून मोजत गेलास, मोठ्याने. सात. मी सहा वर्षं सात म्हणत झोपते."

"मग तिकडे..." कुदळ्याने कठड्याकडे बोट केलं.

"तिकडे तुझ्या आईपाशी बसत होते, भाऊ. कागदावर सही ह्यांची होती. माफी कुणीतरी मागायला हवी होती ना. तू कधी बोलतोस तेवढी वाट बघत होते. बोलला नसतास, तरी मी सांगणार नव्हते. सगळे आत राहिले असते."

कुदळ्या इतके दिवस जिच्यावर संशय घेत होता तिच्याकडे बघत राहिला. आपल्याला कुणी फसवतंय की काय, हे बघण्यात त्याची उभी हयात गेली होती. आपल्यासाठी कुणी गप्प राहील, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

चेअरमन खुर्चीतून उठले. उठताना पाय कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. एक पाऊल उचललं आणि तसंच अधांतरी धरलं, लहान मूल चिखलात धरतं तसं. मग मागे सरकले, खुर्ची धरली, खाली त्या तुडवलेल्या मातीकडे बघितलं. त्यांच्या तोंडातून काही निघालं असतं, कदाचित. पण सेक्रेटरी आधी उठला. त्याचं म्हणणं होतं की प्रकार गंभीर आहे, ठराव फसवणुकीवर झाला आहे, तेव्हा भिंतीचा, दगडाचा आणि ह्या माणसाच्या नोकरीचा नव्याने विचार करावा लागेल. पाळकांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा काढला.

"आपण हे बैठकीत घेऊ," ते म्हणाले.

चेअरमनच्या बायकोने भाकरीचा एक तुकडा तोडला. तोंडात घातला नाही. उठली आणि तो कुदळ्यापुढे धरला. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला हे देता येत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. कुदळ्याने हात पुढे केला. नखांत माती होती. त्याने तुकडा घेतला आणि तसाच मुठीत धरून पाळकांकडे वळला.

"पाळकसाहेब, बैठक पंचवीस वर्षं चाललीये. नोकरी घ्या. कठडा काढा, तिला तो कधी लागला नाही. भिंत तुम्हाला हवी तर उद्या परत मागे आणा, मीच दगड उचलून देतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "मला एकच सांगा. माझी आई आत आहे की बाहेर? कमिटीचं नको. ज्याच्या नावाने हे ताट फिरवता त्याचं सांगा, आणि इथेच सांगा, सगळ्यांसमोर. हात वाट बघतोय. खाऊ की परत ठेवू? बोला."